नांगर, नियतकालिक आणि निधी

उद्योगसंस्थेने खेड्यांना व सेवाभावी संस्थांना साहाय्य कसे करावे, हा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्राचा किंवा कायद्याचा मानला जातो. परंतु त्याला वाङ्मयेतिहासाचीही एक बाजू आहे, आणि ती भाषांच्या अभ्यासकाने दुर्लक्षावी अशी नाही. कारखाना गावाशी कोणत्या भाषेत बोलतो, यावर त्याच्या साहाय्याचे स्वरूप पुष्कळ अंशी अवलंबून असते. 1920 च्या सुमारास महाराष्ट्रात आणि काशीत घडलेल्या दोन उपक्रमांची तुलना केली असता हे स्पष्ट होते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर (1869–1956) यांनी बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून शेतीची अवजारे बनविण्यास प्रारंभ केला. लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची त्या काळी समजूत होती. ती हटण्यास वेळ लागला. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात आश्रय दिला, आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने व्यापलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कारखान्याबरोबर कामगारांची वस्तीही उभी राहिली, आणि अस्पृश्यता तेथे मानली जाऊ नये असा लक्ष्मणरावांचा आग्रह होता. येथे दानाचा अभिनिवेश नव्हता. नांगर विकला गेला तरच कारखाना चालणार होता, आणि जमीन खोल नांगरली गेली तरच शेतकऱ्याला नांगर घेतल्याचे सार्थक वाटणार होते. दोघांचे हित एकाच फाळाशी बांधलेले होते.

1920 मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर (1891–1975). नावाप्रमाणे ते प्रथम कारखान्याचे वृत्त देणारे गृहपत्र होते. ग्राहकाशी संबंध ठेवणे हाच त्याचा मूळ हेतू. परंतु अवजाराची माहिती देता देता ते कथा, चरित्र, विज्ञान आणि समाजसुधारणा यांकडे वळले, व पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठीतील एक प्रमुख मासिक ठरले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. ज्या कंपनीने शेतकऱ्याला नांगर दिला, तिच्याच आश्रयाने मराठी कुटुंबाच्या वाचनाला नवे वळण मिळाले. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात जाहिरातपत्रापासून विचारपत्रापर्यंतचा हा प्रवास विशेष लक्षणीय आहे.

त्याच वर्षी काशीत शिवप्रसाद गुप्त (1883–1944) यांनी ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले. काशीतच जन्मलेले मराठी भाषक बाबूराव विष्णु पराडकर यांचे नाव त्याच्या संपादनाशी कायमचे निगडित झाले. गुप्तांच्याच द्रव्यसाहाय्याने उभ्या राहिलेल्या काशी विद्यापीठाचे उद्घाटन 10 फेब्रुवारी 1921 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. ब्रिटिश सरकारचे साहाय्य व नियंत्रण दोन्ही नाकारणाऱ्या या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम हिंदी होते. तेथील ‘शास्त्री’ ही पदवी लालबहादुरांच्या नावाचाच भाग होऊन गेली. येथे धनाचा मार्ग निराळा आहे. धनिकाने निधी वेगळा काढला आणि तो शिक्षणकार्याला वाहिला. बदल्यात कोणत्याही मालाचा खप त्याला अपेक्षित नव्हता.

एक मार्ग व्यवहाराचा, दुसरा निधीचा. आजचा कायदा यांपैकी दुसऱ्याच्या जवळ जातो. 2013 च्या कंपनी अधिनियमाचे 135 वे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावयाची असते. सातव्या परिशिष्टात ग्रामीण विकास, शिक्षण, आरोग्य यांबरोबर सार्वजनिक ग्रंथालये आणि पारंपरिक कला यांचाही समावेश आहे. कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो, आणि हे काम ती नोंदणीकृत न्यासाकडे किंवा संस्थेकडे सोपवू शकते.

मात्र नेहमीच्या व्यवसायाच्या ओघात केलेले काम, केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या हिताचे काम आणि मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरले जात नाही. या निकषांवर नांगर बसत नाही, वसाहत बसत नाही, आणि आरंभीची ‘खबर’ही बसत नाही. हा नियम अन्याय्य आहे असे नव्हे. जाहिरातीला परोपकाराचे नाव मिळू नये, यासाठी तो आवश्यकच आहे. तथापि त्यामुळे एक गोष्ट दृष्टीआड होते. किर्लोस्करवाडीचा शेतकरी ग्राहक होता, म्हणून नांगर नाकारण्याचा अधिकार त्याच्या हाती होता, आणि त्या नकाराची दखल कारखान्याला घ्यावीच लागत होती. निधीचा लाभार्थी सहसा नाकारीत नाही. तो स्वीकारतो आणि गप्प राहतो. खर्चाचा हिशेब संचालक मंडळाच्या अहवालात जातो, पण तो गावकऱ्याच्या भाषेत गावकऱ्यापुढे ठेवावा असे बंधन कायद्यात नाही.

म्हणून दोन्ही मार्गांचे गुण एकत्र आणणे इष्ट ठरते. संस्थेला द्यावयाचा निधी काशीप्रमाणे निरपेक्ष असावा आणि अनेक वर्षे पुरेल असा असावा, म्हणजे ती संस्था दरवर्षी दात्याच्या दाराशी तिष्ठत राहणार नाही. गावाशी ठेवावयाचा संबंध मात्र किर्लोस्करवाडीप्रमाणे असावा: कंपनीला जे काम उत्तम येते, त्याचे ज्ञान तिने गावाला द्यावे, योजना गावाच्या भाषेत मांडावी, आणि गावाच्या आक्षेपाला योजनेत जागा ठेवावी. ‘खबर’ आणि ‘आज’ या दोन्ही पत्रांनी आपल्या भाषेतील वाचकावर विश्वास टाकला होता. तो विश्वास 2 टक्क्यांच्या हिशेबात मोजता येत नाही. परंतु त्याच्यावाचून दिलेली मदत गावात पोहोचली तरी गावाची होत नाही.