स्वेटर उतरवताना होणारी चटचट

इंदूरमध्ये जानेवारीच्या रात्री दिवा मालवून लोकरी स्वेटर डोक्यावरून ओढला, की आतल्या टेरिकॉटच्या शर्टाशी चटचट आवाज होतो, केस उभे राहतात आणि अंधारात निळसर ठिणग्याही दिसतात. पाठोपाठ हात लोखंडी कपाटाच्या मुठीकडे गेला की बोटाला झटका बसतो. ‘अंगात करंट आलाय’ असं म्हणतात, आणि शाळेत शिकलेलं उत्तरही तयार असतं: घासल्यामुळे वीज तयार झाली. या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी मला अपुऱ्या वाटतात. वीज तिथे तयार होत नाही, ती फक्त जागा बदलते. आणि जागा बदलायला घासावंच लागतं असंही नाही. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकले आणि मग सुटे झाले, एवढं पुरतं. घर्षण या कामात हातभार लावतं, इतकंच.

पडताळा घरातच घेता येतो. प्लॅस्टिकच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे टेबलावर शेजारी शेजारी चिकटवा, दोन्ही झर्रकन उपटा आणि जवळ आणा. ते एकमेकांपासून लांब पळतात. इथे कुणी काही घासलेलं नाही. जिथे दोन पृष्ठभाग टेकतात तिथे एकाकडचा थोडा विद्युतभार दुसऱ्याकडे जातो, आणि दोन्ही वस्तू वीजरोधक असल्या तर सुटं होताना त्याला परतीची वाट सापडत नाही. कोण ऋणभार देणार आणि कोण घेणार हे जोडीवर ठरतं. योहान विल्के या शास्त्रज्ञाने १७५७ मध्येच अशी क्रमवार यादी मांडली होती. आजच्या यादीत लोकर, केस, काच, नायलॉन देणाऱ्यांच्या टोकाकडे, तर पॉलिएस्टर, पॉलिथीन, पीव्हीसी घेणाऱ्यांच्या टोकाकडे असतात. सुती कापड साधारण मधोमध. लोकरी स्वेटर आणि टेरिकॉटचा शर्ट ही म्हणजे मुद्दाम जुळवून आणल्यासारखी जोडी.

मग घासल्यावर परिणाम वाढतो तो का? कितीही गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग बारकाईने पाहिला तर खडबडीत असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तर फक्त उंचवटे टेकतात. घासल्याने नवनवे ठिपके टेकतात आणि सुटतात, म्हणजे तीच क्रिया हजारो वेळा घडते. इकडून तिकडे जाणारा भार मात्र अगदी थोडा असतो. हवेतून ठिणगी उडण्याच्या बेताला आलेल्या सपाट पृष्ठभागावरही पन्नास-साठ हजार अणूंमागे जेमतेम एक जादा इलेक्ट्रॉन असतो. हजारो व्होल्टचा दाब येतो तो दूर ओढण्यातून. विरुद्ध भार एकमेकांना खेचत असताना हाताने त्यांना लांब केलं, की भार तेवढाच राहतो आणि दाब चढत जातो. त्या झटक्याची ऊर्जा आपल्याच हाताने पुरवलेली असते. म्हणूनच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्याला काही कळत नाही. उठून दाराच्या कडीला हात लावला की कळतं.

यावर कुणी म्हणेल, हा सगळा कोरड्या हवेचा खेळ आहे. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं इंदूरच्याच हवामानात दिसतं. माळव्यातली सगळ्यात कोरडी हवा जानेवारीत नसते, एप्रिलच्या दुपारी असते. तेव्हा सापेक्ष आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते. तरी झटक्यांची तक्रार थंडीतच होते. उन्हाळ्यात अंगावर सुती कपडे असतात, त्वचेवर घाम असतो, घरात कूलर ओली हवा फेकत असतो. कोरडेपणा भार निर्माण करत नाही, आलेला भार टिकू देतो. ओलाव्याने पृष्ठभागावर पाण्याचा अतिपातळ थर बसतो आणि भार त्यावरून निसटून जातो. प्रमाणित हवेत कापूस वजनाच्या साडेआठ टक्के पाणी धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या काळातल्या सरकारी मिलपासून १९९१ मध्ये बंद पडलेल्या हुकुमचंद मिलपर्यंत हे शहर सुतावर जगलं, आणि सूतगिरणीला हा हिशेब ठेवावाच लागतो. हवा कोरडी झाली की कापसातलं पाणी उडतं, तंतू एकमेकांना ढकलून फिसकटतात, पेळू रुळांना चिकटतो, धागा तुटतो. म्हणून कातणखात्यात हवा मुद्दाम ओलसर ठेवतात. कामगाराचा जीव त्या दमट उकाड्यात कासावीस होई, हेही इथे सांगितलंच पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जोडी वेगळी असावी लागते, तर एकाच पदार्थाचे दोन तुकडे टेकवूनही भार का येतो? तो येतो, हे खरं आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भारित पृष्ठभागावर धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडीच दिसली. म्हणजे ‘एकच पदार्थ’ही जागोजागी सारखा नसतो. पदार्थ आधी किती वेळा टेकला आहे यावरही त्याचं वागणं बदलतं, असं २०२५ मधल्या प्रयोगांत आढळलं. शिवाय वीजरोधकांमध्ये इलेक्ट्रॉनच जातात, आयन जातात, की पदार्थाचे सूक्ष्म कणच उखडून जातात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. इंदूरच्याच राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या यंत्रात सुमारे १७२ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरवले जातात. ज्या कणावर आपली एवढी हुकमत, तो स्वेटरमधून शर्टाकडे नेमका कसा जातो, हा प्रश्न उघडा राहावा याचं मला अपार कुतूहल वाटतं. टेकणं आणि सुटणं या मुद्द्याला मात्र यातल्या कुठल्याच शोधाने धक्का लागलेला नाही.

दहा हजार व्होल्टचा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. अंगावर साठलेली ऊर्जा ज्यूलच्या पाच हजारांश भागाइतकी असते आणि क्षणार्धात संपते. पण पेट्रोलची वाफ पेटायला याच्या विसाव्या हिश्शाइतकी ठिणगीही पुरते. पेट्रोल नळीतून वाहतं तेव्हाही नळीच्या भिंतीला टेकून सुटत असतं, आणि भार बरोबर घेऊन जातं. म्हणून इंदूरजवळच्या मांगलियाच्या तेल डेपोतून आलेला टँकर पंपावर रिकामा करताना आधी जमिनीशी जोडलेल्या तारेचा चिमटा टँकरच्या धातूला लावायचा आणि मगच नळी जोडायची, असा क्रम असतो.