दिवा पालथा घालून बघावा

जुन्या मोटारीचा दिवा पारखायचा असेल तर तो आधी पालथा घालावा. देवासच्या ज्या गॅरेजमध्ये मी हे काम बघत बसतो, तिथले मिस्त्रीकाका समोरची काच आणि चकाकतं कडं सगळ्यात शेवटी बघतात. नक्कल करणारा आपली सारी मेहनत दर्शनी बाजूवर ओततो. बिजागरीची खाच, ब्रॅकेटची आतली बाजू, स्क्रूची भोकं यांकडे त्याचं लक्ष नसतं, आणि नेमकं तिथेच तो सापडतो.

समोरचा दिवा होता लुकास कंपनीच्या ‘किंग ऑफ द रोड’ छापाचा. धारच्या एका घरात १९२०च्या दशकातली इंग्लिश मोटार आहे, तिचा डावा दिवा गेला म्हणून ‘अस्सल’ सांगून विकत घेतलेला. काकांनी तो आधी हातात तोलला. खऱ्या दिव्याचं कवच पितळेच्या पत्र्यातून दाबून काढतात, त्यामुळे पत्रा सगळीकडे सारखा पातळ असतो. हा जड होता. कडेवरून बोट फिरवलं तर एकीकडे जाड, एकीकडे पातळ. आत बॅटरीचा झोत टाकल्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली. म्हणजे हे ओतकाम.

दिव्यावरच्या अक्षरांनीही तेच सांगितलं. पोलादी ठशाने उठवलेल्या अक्षराची कड बोटाला लागते, ओतलेल्या अक्षराची कड गोलसर, विरघळल्यासारखी होते. देवासला १९७४ पासून बँक नोट प्रेस आहे. नोटेवरच्या उठावाच्या छपाईवरून बोट फिरवून खरंखोटं ठरवतात, तशीच ही परीक्षा.

मला सगळ्यात पटणारी खूण मात्र मापाची. नक्कल करणारा बहुतेक वेळा जुना भागच वाळूत दाबून साचा घेतो. पितळ थिजताना साधारण दीड टक्का आकसतं. जाणता कारागीर ही तूट धरून नमुना थोडा मोठा करतो, घाईचं काम करणारा तसं करत नाही. काकांनी गाडीवरचा मूळचा उजवा दिवा उतरवून आणवला होता. दोन्हींना व्हर्नियर लावला. दीडशे मिलिमीटरच्या मापात सव्वादोन मिलिमीटर कमी भरले! डोळ्यांना हा फरक कधीच कळला नसता.

मग आटे. त्या काळच्या इंग्लिश मोटारींत बहुतेक व्हिटवर्थ घराण्याचे आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये त्यांचं प्रमाण मांडलं, कोन ५५ अंशांचा. आजच्या मेट्रिक आट्यांचा कोन ६० अंश. गंमत अशी की याच घराण्यातल्या पाव इंची ब्रिटिश फाइन आट्याच्या भोकात आजचा सहा मिलिमीटरचा बोल्ट जातो. एका इंचात तिकडे २६ आटे, इकडे साधारण २५. जातो, पण सैल बसतो आणि गाडी खडबडीत रस्त्यावर आली की हलायला लागतो. उलट जुना बोल्ट मेट्रिक भोकात शिरतच नाही. काकांनी उजव्या दिव्याचा बोल्ट नव्या दिव्याच्या पट्टीला लावला. तो तोंडाशीच अडला.

“बघा दादा, हा काय विलायतेतून आलेला नाही,” एवढंच ते बोलले.

मुलामाही बोलतो. क्रोम मोटारींवर आला तो १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात, त्याआधी निकेल. निकेलची झाक पिवळसर, उबदार असते आणि क्रोमची निळसर. जुन्या परावर्तकाला आतून चांदीचा मुलामा असे, तो काळा पडतो. आणि झीज हात लागतो तिथेच होते, बिजागरीला, खिटीला. आम्लात बुडवून म्हातारा केलेला भाग सगळीकडून सारखाच म्हातारा दिसतो.

या प्रदेशाचं मोटारींशी नातं जुनं आहे. देवास म्हणजे एकाच गावात पवारांची दोन संस्थानं, थोरली पाती आणि धाकटी पाती. १९२१ मध्ये थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून आलेले कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांच्याकडे बागा, वीज यांच्यासोबत मोटारींचीही देखरेख होती. आज धार जिल्ह्यातलं पीथमपूर वाहनउद्योगाचं मोठं केंद्र आहे, ११.३ किलोमीटरचा वेगचाचणीचा ट्रॅक तिथेच आहे, आणि देवासमध्ये गिअर बनतात. म्हणजे उत्तम सुटा भाग नव्याने घडवणारे हात इथे आहेत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. भाग मिळत नाही म्हणून गाडी शेडमध्ये सडत ठेवण्यापेक्षा नवा भाग बसवून ती चालवलेली शतपटीने बरी. युद्धकाळात विलायतेहून माल येणं अवघड झालं तेव्हा इथल्याच लेथवर घडवलेला, कानशीच्या खुणा अंगावर असलेला एखादा भाग गाडीत सापडला, तर तो काढून टाकू नये असंही मला वाटतं. तोही त्या गाडीचा इतिहासच.

राग आहे तो नव्याला जुनं म्हणून विकण्याचा. २०२१ पासून आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. त्यामुळे ‘मूळ रूप’ या शब्दांना आता पैशाचंही मोल आलं आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या ट्युरिन सनदेत एक साधी शिफारस आहे: बदललेल्या भागावर सहज न दिसणारी, पण कायमची खूण करावी.

धार-देवासकडच्या कारागिरांना आणि गाडीमालकांना माझी तीच विनंती आहे. नवा भाग जरूर घडवा, अगदी हुबेहूब घडवा. फक्त पाठीमागे, ब्रॅकेटच्या आत, ज्या वर्षी घडवला ते वर्ष ठोका आणि बिलावर ‘नवीन’ असं लिहा.