बंब येण्यापूर्वीची दहा मिनिटे

‘आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी’ ही म्हण आपण उपहासाने वापरतो आणि उपहासाचा रोख बहुधा अग्निशमन दलाकडे असतो. हा त्या दलावर अन्याय आहे. वाहनांनी गजबजलेल्या शहरात बंब कितीही त्वरेने निघाला तरी त्यास पोहोचावयास काही मिनिटे लागणारच. आणि आगीचे भवितव्य पुष्कळदा त्याच मिनिटांत ठरून गेलेले असते. त्या अवधीत जे काही करावयाचे ते इमारतीत असलेल्या माणसांनीच करावयाचे असते. आमच्या विद्यापीठांच्या इमारतींत ही माणसे कोण, त्यांना काय शिकविले आहे आणि कोणते अधिकार दिले आहेत, हा प्रश्न आम्ही आज विद्यापीठांच्या चालकांपुढे ठेवू इच्छितो.

विद्यापीठाची वास्तू ही एक इमारत नसून पाचसहा निरनिराळ्या स्वभावांच्या इमारती एका कुंपणात असतात. ग्रंथालयात कागदाच्या राशी, रसायनशाळेत ज्वालाग्राही द्रव आणि वायूची नळकांडी, वसतिगृहात रात्री निजलेली शेकडो मुले, परीक्षाभवनात कुलूपबंद उत्तरपत्रिका आणि पदवीदान मंडपात हजारोंची गर्दी. या सर्वांच्या किल्ल्या कुलगुरूंच्या टेबलावर नसतात. त्या शिपायाच्या कमरेला आणि पहारेकऱ्याच्या चौकीत असतात. विजेची मुख्य कळ कोठे आहे हे अधिष्ठात्यांस ठाऊक नसते, वायरमनला असते. मागचा जिना कोणत्या सामानाने अडला आहे हे सफाई कामगारास रोज दिसते. सारांश, संकटसमयी उपयोगी पडणारे ज्ञान ज्यांच्यापाशी आहे, त्यांना संकटाच्या विचारात स्थानच नाही.

हे केवळ तर्काने सांगण्याचे कारण नाही. ब्राझीलमधील रिओ द जानेरो येथील राष्ट्रीय संग्रहालय हे तेथील संघीय विद्यापीठाच्या ताब्यातील. १८१८ साली स्थापन झालेल्या या संस्थेने २०१८ च्या जूनमध्ये आपली द्विशताब्दी साजरी केली. पूर्वी राजेरजवाड्यांचे निवासस्थान असलेल्या त्या प्रासादात सुमारे दोन कोटी वस्तूंचा संग्रह होता. त्याच वर्षी २ सप्टेंबरच्या रविवारी, दरवाजे लोकांसाठी बंद झाल्यावर, सायंकाळी आग लागली. आत चार पहारेकरी होते. ते सुखरूप बाहेर पडले. बंब आले, परंतु जवळच्या पाणीखांबांना पाणी नव्हते. ते टँकरने आणि जवळच्या तळ्यातून आणावे लागले. आग पसरू न देणारे स्वयंचलित फवारे इमारतीत नव्हते. पुढे झालेल्या चौकशीत आगीचा उगम तळमजल्यावरील सभागृहातील वातानुकूलन यंत्रात असल्याचे निष्पन्न झाले. संग्रहाचा बहुतांश भाग एका रात्रीत नाहीसा झाला. विशेष दुःखाची गोष्ट ही की, आगीपासून संरक्षणाच्या व्यवस्थेचाही ज्यात समावेश होता, अशा मोठ्या अर्थसाहाय्याचा करार त्याच जूनमध्ये झाला होता. पैसा पोहोचण्यापूर्वी आग पोहोचली.

त्या रात्री जे थोडे वाचले, त्यातील काही भाग संग्रहालयाच्याच माणसांनी वाचविला. काही संशोधक व कर्मचारी जळत्या इमारतीच्या आगीपासून दूर असलेल्या भागात शिरले आणि शंखशिंपल्यांच्या जातींचे मूळ नमुने बाहेर घेऊन आले. कोणती वस्तू अनमोल आहे आणि ती कोणत्या कपाटात आहे, हे त्या अंधारात त्यांनाच सांगता आले असते. त्यांचे धैर्य वंदनीय आहे. तथापि असे धाडस करण्याची पाळी माणसांवर यावी, हेच व्यवस्थेचे अपयश होय.

याच्या जोडीला दुसरे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन विद्यापीठाचे घ्यावे. १८ एप्रिल २०२१ रोजी, तोही रविवारच, डोंगरउतारावरील वणवा विद्यापीठाच्या आवारात उतरला. हजारो विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून तातडीने हलविण्यात आले. तेथील जॅगर ग्रंथालयाचे वाचनदालन जळून खाक झाले आणि आफ्रिकाविषयक छापील ग्रंथांचा सुमारे सत्तर हजारांचा संग्रह नष्ट झाला. परंतु आग रोखणारे दरवाजे आपोआप मिटले आणि तळघरातील कोठारांत ज्वाळांचा शिरकाव झाला नाही. ती कोठारे बंबांच्या पाण्याने भिजली खरी. पण भिजलेला कागद वाळविता येतो, जळलेला नव्हे. पुढील आठवड्यांत कर्मचारी व शेकडो स्वयंसेवक यांनी हातोहात पेट्या बाहेर काढून ती हस्तलिखिते व कागदपत्रे वाचविली. रिओ आणि केप टाऊन यांच्यातील अंतर दैवाचे नव्हे. एका ठिकाणी वेळीच मिटणारे दार होते, दुसऱ्या ठिकाणी नव्हते, एवढाच तो भेद.

संकट नेहमी आगीचेच असते असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठात १६ एप्रिल २००७ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात गोळीबार होऊन दोघांचा बळी गेला. विद्यापीठाने सर्वांस उद्देशून पहिला संदेश धाडला तो ९ वाजून २६ मिनिटांनी. तोवर वर्ग भरले होते. मारेकऱ्याने नॉरिस हॉल या इमारतीचे दरवाजे आतून साखळ्यांनी बांधले आणि ९ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास दुसरा गोळीबार सुरू होऊन आणखी तीस जण प्राणांस मुकले. लिव्हिउ लिब्रेस्कु या ७६ वर्षांच्या प्राध्यापकांनी वर्गाचे दार स्वतःच्या देहाने रोखून धरले, म्हणून त्यांचे विद्यार्थी खिडकीतून निसटू शकले. ते स्वतः मात्र वाचले नाहीत. अशा पुरुषास आमचे शतशः प्रणाम. पण संस्थेचा कारभार शौर्याच्या भरवशावर चालविता येत नाही. पुढल्याच वर्षी अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती केली आणि संकटाची खात्री होताच विलंब न लावता सर्वांना सूचना देणे, तसेच त्या व्यवस्थेची वर्षातून एकदा तरी चाचणी घेणे विद्यापीठांवर बंधनकारक केले. ज्यास प्रथम कळते त्याने सर्वांना केव्हा व कसे कळवावे, हे आधी ठरलेले असले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

आता आपल्या घराकडे वळू. मुंबईच्या फोर्ट भागातील विद्यापीठाचे ग्रंथालय, १८७८ साली पूर्ण झालेला त्याचा राजाबाई मनोरा आणि पदवीदान सभागृह ही ज्या वास्तुसमूहात मोडतात, त्यास २०१८ च्या जूनअखेरीस जागतिक वारशाचा मान मिळाला. रिओची आग त्यानंतर दोनच महिन्यांनी लागली. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारतही एके काळची राज्यपालांची जुनी कोठी आहे. लाकूड, उंच छते आणि जुने जिने यांचे सौंदर्य आम्हांस प्रिय आहे. आगीलाही ते तितकेच प्रिय असते, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राने २००६ सालीच आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम केला. इमारतीतील अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्याने मालकावर वा भोगवटादारावर टाकली आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, परवानाधारक संस्थेचे तसे प्रमाणपत्र सादर करावे असे सांगितले. परंतु प्रमाणपत्र साधनांचे असते, माणसांचे नसते. भिंतीवरचे लाल नळकांडे भरलेले आहे, एवढे त्यावरून कळते. त्याखाली स्टुलावर बसलेल्या शिपायाने ते आयुष्यात एकदा तरी हातात धरले आहे काय, हे कळत नाही. ते नळकांडे एक मिनिटाच्या आत रिकामे होते. पिन कशी काढावी, झोत ज्वाळेच्या शेंड्यावर न मारता बुडाशी कसा मारावा आणि पाठीमागे सुटकेची वाट कशी मोकळी ठेवावी, हे त्या मिनिटात वाचून शिकता येत नाही.

या माणसांना काय शिकवावे, याची यादी लांबलचक नाही. आग दिसताच प्रथम ओरडून वा घंटा वाजवून इतरांस सावध करावे. मग १०१ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे. कळविताना इमारतीचे नाव, कोणत्या फाटकाने यावे, कोणत्या मजल्यावर काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे काय, एवढे सांगावे आणि एक माणूस फाटकावर उभा करावा, म्हणजे आवारात शिरलेल्या बंबाला वाट शोधत फिरावे लागणार नाही. विजेच्या वा तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. बाहेर पडताना दारे ओढून घ्यावीत, पण कुलूप लावू नये. लिफ्ट वापरू नये. ज्वाळेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो, म्हणून धुरात वाकून वा रांगत जावे. ज्यांना जिना उतरता येत नाही अशांना कोणी उतरवावयाचे, ते आधी नावानिशी ठरलेले असावे. आणि सर्वांनी ठरलेल्या मोकळ्या जागी जमून मोजदाद करावी. कारण आत कोणी राहिले आहे काय, या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, तर त्याच्या शोधार्थ अग्निशामक जवानाला आपला जीव धोक्यात घालावा लागतो. रसायनशाळेच्या परिचरापाशी आत कोणते पदार्थ कोठे आहेत याची यादी हवी आणि तिची एक प्रत फाटकावरील चौकीत हवी.

भूकंपाची गोष्ट वेगळी. तेथे धावण्यापेक्षा भक्कम टेबलाखाली बसून डोके राखणे आणि हादरे थांबल्यावरच बाहेर पडणे श्रेयस्कर. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाला, तो दोन्ही वेळा पहाटे चारच्या आगेमागे. अशा वेळी कुलसचिव आपल्या घरी असतात. वसतिगृहाच्या फाटकावर असतो तो रात्रपाळीचा पहारेकरी. म्हणून ज्या कवायती दुपारी अकरा वाजता, वरिष्ठांच्या उपस्थितीत व छायाचित्रकारांच्या साक्षीने होतात, त्यांचा उपयोग अर्धाच. खरी कवायत रात्रपाळीच्या माणसाची घ्यावी, आणि तीही पूर्वसूचनेवाचून.

याहून अवघड गोष्ट आहे ती अधिकाराची. आमच्या संस्थांत शिपायाने वरिष्ठांच्या आज्ञेवाचून काही करू नये, अशी शिस्त पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे. परीक्षा चालू असताना धुराचा वास आला, तर घंटा वाजविण्यापूर्वी तो परिचर साहेबांची परवानगी मागावयास जाईल; साहेब सभेत असतील; आणि आग सभा संपण्याची वाट पाहणार नाही. वास खोटा ठरला, परीक्षा उगाच थांबली, तर आपली नोकरी जाईल ही भीती त्याच्या मनात असते, आणि जो कंत्राटदारामार्फत आला आहे त्याच्या मनात तर ती दुप्पट असते. म्हणून विद्यापीठांनी लेखी ठराव करून सांगावे की, सद्‌हेतूने दिलेल्या धोक्याच्या सूचनेबद्दल, ती चुकीची ठरली तरी, कोणासही शिक्षा होणार नाही. या एका वाक्याला पैसा लागत नाही, परंतु त्याने जितके जीव वाचतील तितके महागड्या यंत्रांनीही कदाचित वाचणार नाहीत.

कोणी म्हणेल, कंत्राटी माणसे वर्षा-दोन वर्षांनी बदलतात, त्यांस शिकवून काय लाभ? आम्ही उलट विचारतो: ज्याच्या हाती इमारतीच्या किल्ल्या आणि आतील मुलांचे प्राण आहेत, तो दर वर्षी नवा असणे हे शिक्षण टाळण्याचे कारण की दर वर्षी नव्याने शिक्षण देण्याचे? कंत्राटाच्या अटींत गणवेशाचा रंग लिहिता येतो, तर रुजू झाल्यापासून पंधरा दिवसांत इमारतीचे सर्व जिने, कळा, पाणीखांब व फाटके दाखवून देण्याची अटही लिहिता येईल.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन या जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवावयास गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि तेथून आठवडाभर सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात भाषणे पुष्कळ होतात. येत्या सप्ताहात आपल्या विद्यापीठांनी भाषणांना फाटा देऊन एवढेच करावे: प्रत्येक इमारतीसाठी दिवसपाळीचा व रात्रपाळीचा असे दोन जबाबदार कर्मचारी नावानिशी नेमावेत, त्यांच्या हाती लेखी अधिकार द्यावा, मागच्या जिन्यातील मोडकी बाके व जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हलवावेत आणि प्रत्येक शिपायाच्या हातून एकेक नळकांडे खरोखर रिकामे करून घ्यावे. बंब सोमेश्वरीला केव्हा पोहोचेल हे आमच्या हाती नाही. तो येईपर्यंत सोमेश्वरीत कोणी जाणता माणूस उभा असावा, हे मात्र सर्वस्वी आमच्याच हाती आहे.