सरकारी वकील कोणाचा?



गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो: केस कोर्टात गेली की आपला वकील कोण? मारहाण, अत्याचार, खून अशा फौजदारी खटल्यात फिर्याद आपली असली तरी खटला सरकार चालवतं. सरकारतर्फे जो उभा राहतो तो सरकारी वकील. त्याला आपण फी द्यायची नसते. पण तो आपला खासगी वकीलही नसतो. जे घडलं ते पुराव्यानिशी न्यायाधीशांपुढे मांडणं हे त्याचं काम. आणि आपण त्या खटल्यात साक्षीदार असतो.

हे नीट समजण्यासाठी आज आपण ॲड. उज्ज्वल निकम यांचं काम पाहू, कारण आपल्या जिल्ह्यातले दोन मोठे खटले त्यांनी चालवले. निकम जळगावचे. कायदा तिथेच शिकले आणि सरकारी वकीलही तिथेच झाले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या खटल्यात सरकारने त्यांना विशेष सरकारी वकील म्हणून नेमलं. विशेष म्हणजे त्या एका खटल्यासाठी नेमलेला. पुढे २००८ च्या मुंबई हल्ल्यातल्या कसाबचा खटलाही त्यांनीच चालवला. २०२५ पासून ते राज्यसभेचे सदस्य आहेत. आपण मात्र बोलणार आहोत ते त्यांच्या कोर्टातल्या कामाबद्दल.

आपल्या नेवासा तालुक्यातल्या सोनईत १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुणांचा खून झाला. कारण होतं जातीबाहेरचं प्रेम. साक्षीदारांवर दबाव येऊ नये म्हणून खटला नाशिकला चालला. खून होताना पाहिलं असं सांगणारा कोणी नव्हता. निकम यांनी लहान लहान पुरावे एकमेकांत गुंफून साखळी उभी केली. याला परिस्थितीजन्य पुरावा म्हणतात. जानेवारी २०१८ मध्ये न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली.

दुसरा खटला कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीचा. १३ जुलै २०१६ ला पंधरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं. हा खटला नगरच्या न्यायालयात, आपल्या भिंगारच्या अगदी जवळ चालला. ३१ साक्षीदार उभे राहिले. २९ नोव्हेंबर २०१७ ला तिघांना फाशीची शिक्षा झाली. अशा शिक्षेवर पुढे उच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब लागतं.

पण मैत्रिणींनो, त्याच नोव्हेंबर महिन्यात नगरलाच आणखी एक निकाल लागला. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल २०१४ मध्ये बारावीच्या वयाच्या एका दलित मुलाला मारलं होतं. त्या खटल्यात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, म्हणजे आधी दिलेला जबाब कोर्टात फिरवला. सगळे आरोपी सुटले. जिल्हा एकच, महिनाही एकच. एका आईला निकाल मिळाला, दुसरी रिकाम्या हाताने घरी गेली.

मग मोठा वकील असला की सगळं होतं का? तसंही नाही. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तो खटलाही निकम यांनीच चालवला. २००८ मध्ये आरोपींना शिक्षा झाली, पण ॲट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा शाबीत झाला नाही. सुरुवातीच्या तपासातल्या उणिवांवर तेव्हा खूप टीका झाली. पहिल्या दिवसांत जे नोंदलं जात नाही, ते वर्षांनी कोर्टात उभं करणं नामांकित वकिलालाही जमत नाही. खटला कोर्टात लढला जातो, पण त्याचा पाया गावात पडतो.

तो पाया आपल्या हातात आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. सही करण्याआधी वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. बलात्काराच्या तक्रारीत बाईचा जबाब महिला पोलिसानेच घ्यायचा असतो, आणि तो तिच्या घरीही घेता येतो. रक्ताचे, फाटलेले कपडे धुऊ नका. ॲट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपीच्या जामिनाच्या वेळी पीडित बाजूला आपलं म्हणणं मांडता येतं, साक्षीला जाण्याचा प्रवासखर्चही मिळतो. सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. पैसे नसले तरी अडत नाही: उत्पन्न कितीही असो, प्रत्येक बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा फोन नंबर १५१००. धमकी येत असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो.

आणि साक्षीची भीती? ती माहितीने कमी होते. मुंबईच्या फ्लेविया अग्नेस यांनी स्वतः नवऱ्याची मारहाण सोसली, मग कायदा शिकून वकील झाल्या. त्यांच्या मजलिस संस्थेतल्या महिला वकील अत्याचार झालेल्या बायका-मुलींना कोर्टात सोबत करतात, आणि पोलीस व अधिकाऱ्यांना कायद्याचं प्रशिक्षणही देतात.

थोडं शिक्षण आपणही आपल्याला देऊ शकतो. पुढच्या बैठकीत खोटं कोर्ट भरवून बघा. एकीने न्यायाधीश व्हायचं, एकीने आरोपीचा वकील, एकीने साक्षीदार. वकील ओरडली तरी साक्षीदाराने घाबरायचं नाही. प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगायचं. आठवत नसेल तर सरळ ‘आठवत नाही’ म्हणायचं, मनाचं काही जोडायचं नाही.

आणि गावातली एखादी बाई साक्षीला निघाली, तर तिला एकटीला पाठवू नका. दोघी जणी तिच्याबरोबर जा, कोर्टाच्या व्हरांड्यात बसा. बाहेर आपली माणसं बसली आहेत एवढं ठाऊक असलं, तरी जबाब फिरवण्यासाठी येणारा दबाव झेलायला तिला बळ मिळतं.