खुरांखालची माती

मृग लागून माथेरान-प्रबळच्या डोंगरांवर पहिली जोराची सर कोसळली, की पनवेलच्या माणसाला ती वार्ता गाढी नदीच कळवते. वैशाखात डबक्याडबक्यांपुरती उरलेली ही नदी एका रात्रीत विटकरी, दाट पाण्याने भरून खाडीकडे धावू लागते, आणि पुलावर उभा राहून मी ते पाहतो तेव्हा धोदाणी-मालडुंग्याकडच्या उतारांची माती डोळ्यांदेखत समुद्राला मिळते आहे, या जाणिवेने मन व्यथित होते. श्रावणात पाऊस काही थांबलेला नसतो. तरीही पाणी पुष्कळ निवळलेले असते. एवढ्या अवधीत डोंगर बदलत नाही, बदलते ते त्याच्या अंगावरचे गवत.

माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. गवतावर पडलेल्या थेंबाचा वेग मोडतो, मुळांनी सच्छिद्र केलेल्या भूमीत पाणी मुरते आणि ओढ्याला सावकाश पोहोचते. परंतु फाल्गुन-चैत्रातील वणव्याने काळा पडलेला आणि वणव्यातून वाचले तेही उपाशी गुरांनी मुळापर्यंत खाल्लेला उतार जेव्हा त्याच पावसाला सामोरा जातो, तेव्हा खुरांनी चेपलेल्या मातीची छिद्रे मिटलेली असतात, आणि वरच्या वर वाहून जाणारे पाणी जाताना सर्वांत सुपीक थर घेऊन जाते. गुरांच्या आडव्या वाटा एकीखाली एक पडतात. त्यांचे ओघळ होतात, ओघळांच्या घळी. याहून घातक परिणाम मात्र चटकन दिसत नाही. गुरे चवीचे गवत आधी खातात. पहिल्या पावसाने फुटलेला कोंब, मुळांत पुन्हा साठा होण्याआधीच, वर्षानुवर्षे खुडला गेला की मारवेल आणि पवना नाहीसे होतात, कुसळी माजते, आणि पुढे तीही विरळ होऊन मुरूम उघडा पडतो. काळ्या पाषाणापासून बोटभर माती होण्यास शतके लागतात. म्हणून गुरे काढून घेतली तरी डोंगर दुसऱ्या वर्षी पूर्ववत होत नाही.

तरीही गुराख्याला आरोपी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. जुन्या कुलाबा जिल्ह्यातील भातशेती वरकस जमिनी, गुरचरण आणि डोंगराची वहिवाट यांच्या आधारावर उभी होती. राबासाठी लागणारा पालापाचोळा आणि शेणही तेथूनच येई. १८७८ च्या जंगल कायद्यान्वये विस्तीर्ण रान राखीव झाले, रयतेला चराईची मुभा असलेला मुलूख आकुंचित झाला आणि उरलेल्या उतारांवर खुरांचा भार वाढला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात गायराने बळकावणाऱ्या जंगलखात्याला खडसावले, आणि त्याच ग्रंथात ताली-बंधारे घालून डोंगरची माती अडवावी असेही सुचवले. चराई आणि धूप हे प्रश्न वेगवेगळे नाहीत, हे त्यांना उमगले होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर, राखीव रानांवरील याच निर्बंधांविरुद्धच्या जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले, त्यांत नाग्या कातकरीही होते. जंगलखात्याच्या दप्तरात चराईच्या शुल्काची नोंद असे, मातीची नसे.

मातीचा हिशेब मात्र दुसरीकडे मांडला गेला. अमेरिकेतील युटा राज्यात मँटी या गावावर मेंढ्यांनी उजाड केलेल्या डोंगरातून वारंवार चिखलाचे लोंढे आले, तेव्हा रहिवाशांनीच अर्ज करून १९०३ मध्ये ते रान राखीव करवून घेतले. पुढे त्याच डोंगररांगेत १९१२ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन केंद्राने शेजारशेजारच्या दोन लहान पाणलोटांची तुलना केली: एकात जमिनीचा १६ टक्के भाग वनस्पतींनी झाकलेला होता, दुसऱ्यात ४० टक्के, आणि पहिल्याचे आच्छादन ४० टक्क्यांवर नेले, तेव्हा त्यातून येणारे पाणी व गाळ दोन्ही ठळकपणे घटले. आपल्याकडे अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ग्रामसभेत ठरवून स्वीकारली, गवत कापून नेण्याची मुभा ठेवली, आणि तेथे जनावरे कमी न होता दूध वाढले. चिरनेरच्या रानावरची बंदी सरकारने वरून लादलेली होती, हिवऱ्याची गावाने स्वतः घातलेली.

मात्र २६ जुलै २००५ रोजी मुंबई-पनवेल परिसरात आलेल्या प्रलयाचा दोष चराईवर टाकणे अप्रामाणिक ठरेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळलेल्या त्या पावसाला कोणतेही गवत पुरले नसते, आणि पनवेलच्या खाडीतील भराव व भरती यांचाही त्यात वाटा होता. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर आलेली दरडही निराळीच. वरच्या वीतभर मातीला धरणारी गवताची मुळे एवढ्या खोल घसरणीस आवर घालू शकत नाहीत. गवताचा अधिकार दरसालच्या मध्यम पुरांवर, आणि गाढीच्या उगमाकडील देहरंग धरणाच्या पोटात साचत जाणाऱ्या गाळावर चालतो. पनवेलसारख्या तहानलेल्या गावाला तेवढेही थोडे नव्हे.

आज पनवेल तालुक्यात गुरे पूर्वीच्या मानाने पुष्कळ घटली आहेत, परंतु वणवा राहिला आहे. मृग आणि आर्द्रा ही दोन नक्षत्रे डोंगरावर गुरे सोडू नयेत, एवढेच मागणे मी ग्रामपंचायतींपुढे ठेवीन. यावर शेतकरी हरकत घेतो ती खरी असते, कारण घरातला भाताचा पेंढा संपतो तो नेमका याच दिवसांत. पण कार्तिकात कमरेइतके वाढलेले, कोणी न कापलेले ते डोंगरचे गवत फाल्गुनात आपण जळू देतो. ते कापून गंजीत रचले, तर याच महिनाभराची वैरण त्यातून निघते.