जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

जुनी मोटार दारात आली की शेजारीपाजारी जमतात आणि एकच आग्रह धरतात, 'चालू करून दाखवा ना!' माझं उत्तर ठरलेलं असतं: आज नाही. बरीच वर्षं उभी असलेली गाडी घेतली, की चावी फिरवणं हे अगदी शेवटचं काम. त्याआधी निदान दोन रविवार हातात टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं व्हावं लागतं. त्या दोन रविवारांत काय पाहायचं, तेच आज सांगणार आहे.

उदाहरणाला माझीच गाडी घेतो. १९६७ सालची फियाट ११०० डिलाइट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. हीच गाडी पुढे 'पद्मिनी' नावानं घराघरांत पोहोचली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीतून आपण सगळेच तिच्यात बसलो. त्या टॅक्सीही २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेल्या. काटेकोर बोलायचं तर 'व्हिंटेज' म्हणजे १९१९ ते १९३० या काळातली गाडी. पण आपल्याकडे आजोबांच्या वेळची कुठलीही मोटार व्हिंटेजच, आणि त्यावरून मी कुणाशी वाद घालत नाही.

माझी गाडी रत्नागिरीजवळ एका पडवीत नऊ वर्षं उभी होती. किंमतही 'उभी गाडी' म्हणूनच ठरली होती. गाडी कुठे राहिली हे मी आधी विचारतो, किती किलोमीटर चालली हे नंतर. सोलापूरकडच्या कोरड्या हवेत वीस वर्षं झाकून ठेवलेली गाडी आणि समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात पाच वर्षं राहिलेली गाडी, यांत मी डोळे मिटून सोलापूरची निवडेन.

कारण इंजिन दुरुस्त होतं, पत्रा मात्र दगा देतो. जुन्या जीपला खाली वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. फियाटचं तसं नाही. तिचा पत्र्याचा सांगाडा हीच तिची चासी. दारांखालच्या पट्ट्या, पायाखालचा तळ, पुढच्या चाकांची जोडणी जिथे बसते ते कोपरे, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं. तिथे लागलेला गंज म्हणजे घराच्या तुळईला लागलेली वाळवी.

शोधायची रीत सोपी आहे. रबरी मॅट आणि त्याखालचा काथ्या-गोणपाट काढून टाका. पाणी तिथेच मुरतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्रा ठोकत जा. मडकं घेताना वाजवून घेतो तसंच. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला बद्द वाजतो. मग एक लोहचुंबक रुमालात गुंडाळून बॉडीवरून फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे रंगाखाली पत्रा कमी आणि लांबी जास्त, असं समजा. डिकीत स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहा. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती बुजली असतील तर दार आतून कुजलेलं असणार. आणि एक हुकमी परीक्षा: दार उघडून-मिटून पाहा, मग मागच्या चाकापाशी जॅक लावून गाडी जराशी उचला आणि तेच दार पुन्हा मिटा. आता ते घासत असेल तर सांगाडा वाकतोय. गाडी पूर्ण उचलण्याच्या फंदात मात्र पडू नका. जॅक लावायची जागाच कुजलेली असू शकते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये, भक्कम स्टँड हवेतच.

माझ्या गाडीची डावी बाजू ठणठणीत निघाली. उजव्या दाराखाली मात्र कुणीतरी डब्याचा पत्रा रिबिटांनी ठोकून वर बोटभर लांबी भरली होती, आणि त्यावर झकास पांढरा रंग. चकाचक रंगाची गाडी म्हणूनच मला जास्त संशयास्पद वाटते. रंग उडालेली गाडी निदान खरं बोलते.

आता इंजिन. १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं साधं यंत्र. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत तेल सगळं खाली उतरलेलं असतं, पिस्टन कोरडे पडलेले असतात. एकदम स्टार्टर मारला तर रिंगा तुटू शकतात. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात थोडं इंजिन ऑइल सोडा, रात्रभर मुरू द्या आणि दुसऱ्या दिवशी पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा, पुन्हा थांबा. तेलाची पट्टी काढून पाहा. तेल काळं असेल तर काळजी नाही. दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय.

मग तेल बदलून कॉम्प्रेशन गेज लावायचा. आकडा किती यापेक्षा चारही आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे पाहायचं. माझे निघाले १२०, ११५, ८५ आणि ११८. तिसरा घसरलेला. तिथे चमचाभर तेल घालून पुन्हा मोजलं. आकडा वर गेला असता तर रिंगा आणि बोअर झिजलेले, म्हणजे इंजिन कामाला आलेलं. तो हलला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हमधून. हेड उतरवून व्हॉल्व्ह घासून घेतले की भागणार होतं. पाच मिनिटांच्या या तपासणीनं मोठा खर्च टळला.

पेट्रोलची टाकी रिकामी करा. जुन्या पेट्रोलला वॉर्निशसारखा वास येतो आणि त्याचा डिंक कार्ब्युरेटरची बारीक भोकं बुजवतो. रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही नवीन घ्या. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि १९६७ सालचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. गरम इंजिनावर पेट्रोल टपकलं तर काय होतं, ते सांगायला नको.

या सगळ्यात माझा एक हट्ट आहे, तो ब्रेकचा. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि सगळ्यांना मिळून तेलाची एकच लाइन. कुठेही एक वॉशर फाटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडर गळतोय. माझं बसत होतं. त्याच सुमारास घरात पुतण्याचं लग्न निघालं. नवरदेव फियाटमधून यायचा, असं बायकांनी आणि पोराटोरांनी परस्पर ठरवून टाकलं. इंजिन तोवर गोड चालू लागलं होतं, त्यामुळे माझं कुणाला पटेना. 'कार्यालयापर्यंत दोन किलोमीटर तर जायचंय, काका!' वाटेत उतार होता आणि पुढे वाजतगाजत चालणारी माणसं असणार होती. मी चावी खिशात घातली. वहिनी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पुढे ड्रम उघडले तेव्हा मागच्या दोन्ही चाकांचे सिलिंडर गंजून अडकलेले निघाले.

स्टिअरिंगसाठी पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवायचं. खडखडलं तर कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खडखड थांबली तर बेअरिंग सैल, चालूच राहिली तर किंगपिन झिजलेली. टायरवरची नक्षी पाहून फसू नका. दहा वर्षांचा टायर कोरा दिसला तरी कडक झालेला असतो. वायरिंगला बॅटरी जोडताना मध्ये एक बल्ब घालावा. सगळी बटणं बंद असताना तो पेटला तर कुठेतरी उंदरांनी वायर खाल्लेली आहे.

शेवटी कागद. चासी आणि इंजिनावर कोरलेले नंबर आर.सी. बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद हवी. २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. पहिल्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला तिच्यातून भाजी आणायची आहे, म्हणून मी जुनाच नंबर ठेवला. सध्या ती पत्र्याच्या मिस्त्रीकडे आहे, उजव्या दाराखालचा डब्याचा पत्रा कापून तिथे नवी पट्टी वेल्ड होतेय. रंगाचं पुढच्या वर्षी बघू.