पाठमोरी शर्यत

मालेगावहून आग्रा रोडने मुंबईकडे निघाले की राहूड घाट लागतो आणि तो ओलांडला की चांदवड. याच चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे गाव आहे. आपल्या या भागात पाण्याचा विषय निघतो तो टँकर, हंडे आणि आटलेल्या विहिरी यांच्या निमित्ताने. पाण्यात नाव घालून शर्यत लावावी, हे इथे कुणाला सुचणार? पण 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकमध्ये भारताची नाव वल्हवणारा एकमेव खेळाडू, दत्तू बबन भोकनळ, याच तळेगावचा.

दत्तूचा जन्म 1991 चा. वडिलांबरोबर तो विहिरी खोदायच्या कामावर जात असे. 2011 मध्ये वडील वारले आणि घराचा भार त्याच्यावर आला. पुढच्याच वर्षी तो सैन्यात भरती झाला, तो पोटासाठी, खेळासाठी नव्हे. पुण्यात प्रशिक्षकांना त्याची उंची आणि अंगकाठी दिसली आणि त्यांनी त्याच्या हाती वल्ही दिली. पाण्याची तर त्याला भीतीच वाटत होती.

हा खेळ जरा समजून घेऊ. एकट्याने वल्हवायची ही नाव सुमारे आठ मीटर लांब असते, पण वजनाला जेमतेम चौदा किलो. रुंदी इतकी कमी की तोल सुटला तर माणूस थेट पाण्यात. दोन हातांत दोन वल्ही आणि अंतर 2000 मीटर. बसायची जागा पुढे-मागे सरकते, त्यामुळे खरा जोर लागतो तो पायांचा आणि पाठीचा. विहिरीच्या तळाशी पहार चालवलेल्या माणसाला हे कष्ट नवे नसावेत.

एप्रिल 2016 मध्ये दक्षिण कोरियातील पात्रता स्पर्धेत दत्तूने रौप्यपदक मिळवले आणि रिओचे तिकीट पक्के झाले. तेव्हा घरी आई अपघातानंतर गंभीर आजारी होती. रिओत तो तेरावा आला. ऐकायला हा आकडा साधा वाटतो. पण तिथे पहिल्या सहांची एक अंतिम शर्यत होते, पुढच्या सहांची दुसरी आणि त्यानंतरच्या सहांची तिसरी. ही तिसरी शर्यत दत्तूने जिंकली. वल्हे हाती घेऊन त्याला तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती.

ऑगस्ट 2018 मध्ये पालेमबंगच्या आशियाई स्पर्धेत एकेरीत तो शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी सवर्णसिंग, ओमप्रकाश आणि सुखमीतसिंग यांच्यासह चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक जिंकले. तरीही आदल्या दिवशी शर्यत मुद्दाम अर्धवट सोडली, असा ठपका ठेवून महासंघाने 2019 मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी घातली. प्रकृती बरी नव्हती, असे त्याचे म्हणणे होते. 2020 च्या सुरुवातीला बंदी उठली आणि त्याच वर्षी त्याला अर्जुन पुरस्कार जाहीर झाला. अठ्ठाविसाव्या-एकोणतिसाव्या वर्षी, ऐन उमेदीत, खेळाडूचे एक-एक वर्ष किती मोलाचे असते, हे वेगळे सांगायला नको.

या खेळात एक गंमत आहे. वल्हवणारा शेवटच्या रेषेकडे पाठ करून बसतो. कुठे पोहोचायचे ते त्याला दिसत नाही, दिसते ते फक्त आपण कुठून निघालो ते. आपण बाकीचे मात्र पदके मोजत बसतो. दत्तूची कारकीर्द मोजायची तर तळेगावच्या विहिरीपासून मोजावी.

आणि मोजताना एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच्या हाती वल्हे आले ते सैन्यात गेल्यामुळे. आजही चांदवड, नांदगाव, येवल्याच्या शिवारात कितीतरी पोरे विहिरीत उतरत असतील. त्यांच्या पाठीतले बळ कुणाच्या नजरेला पडणार?